गिरवलेले अंक

सहाला दार लागतं.
बाहेर जाळीवरचा शेवटचा सॉसेज कुणीतरी
पावाच्या कापात गुंडाळून कुत्र्याला देतं,
आणि आम्ही नऊ जण जांभळी जाकिटं घालून
पेट्यांची सीलं तोडतो.

ही माझीच शाळा. चौतीस वर्षं
ह्या हॉलमध्ये मी मुलांना रांगेत उभं केलं.
आता रांगा कागदांच्या.

कॅराबीन पार्क कुणाचं, हे पूर्वी विचारावं लागत नसे.
गाड्यांचा कारखाना होता तोवर
भोंगा झाला की डबे आणि मतं एकाच दिशेने जायची.
कारखाना गेला. तिथे आता सोफ्यांचं गोदाम आहे.
रुळांच्या अलीकडची जुनी, पत्र्याच्या भिंतींची घरं
अजून लाल, निदान तसं म्हणतात;
पलीकडची नवी, दोन-दोन गॅरेजची, गळ्यापर्यंत कर्जात,
व्याजदर हलला की हलणारी.
टीव्हीवरचा मुलगा नकाशावर बोट टेकवून म्हणतो, "इथला कल."
कल म्हणे.
जणू आम्ही वाऱ्याने झुकलेलं एकच कुंपण.

मतपत्रिकेवर मतदाराचं नाव नसतं.
अंक असतात फक्त, एक ते सात, पसंतीच्या क्रमाने,
आणि अंक ह्या वस्तीला मी शिकवलेत.

हा चार, डोक्यावर उघडा, उलट्या खुर्चीसारखा:
थुईचा. बेकरीत पावांच्या किमती अशाच लिहिते.
हा सात, पोटातून आडवी रेघ गेलेला.
झ्लाटकोच्या बापाने घरी शिकवलेली ती रेघ
मी दोन वर्षं खोडत राहिले, शेवटी हरले.
पहिली पसंती त्याने त्यांना दिलीय
जे म्हणतात, बाहेरून येणाऱ्यांना दारं लावा.
वर्गात आला तेव्हा सहा वर्षांचा होता,
नाताळपर्यंत एक शब्द बोलला नव्हता.
मी कागद ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यावर ठेवते.
झाकली मूठ ही. माझ्यासमोर उघडी पडली
हा तिचा दोष नाही.

एकाने सगळ्या चौकटींवरून मिळून एक मासा काढलाय.
अवैध.
पण खवले मन लावून काढलेत.
डॅरेल असणार, पाचवीतही भागाकाराच्या जागी मासाच.

मग आठनंतर, चहा पार गार झाल्यावर,
एक 'एक' येतो.
खाली पाय, वर चोच,
पेन्सिल इतकी दाबलेली की मागून बोटाला लागावी.
हा मी शिकवलेला नाही.
हा एकेचाळीस वर्षं माझ्या फ्रीजवर आहे,
दुधापुढे, गॅसवाल्याच्या वेळेपुढे.

मर्व्ह. युनियनचा मर्व्ह,
संपात अठरा आठवडे फाटकाशी बसलेला,
बिल्ला अजून कोटाला, कोट अजून दाराला.
त्याचा एक. दुसऱ्याच चौकटीत.
आणि आपले, म्हणजे ज्यांना मी
त्याला न विचारताच आपले म्हणत आले,
ते पाचवे.

"दिसत नाहीये का नीट?" शेजारचा शेहान विचारतो.
"दिसतंय."
निळ्या गठ्ठ्यावर ठेवते. कडा सारख्या करते.
पन्नास झाले की रबर.

घरी पोचले तेव्हा साडेअकरा.
त्याने जेवण झाकून ठेवलेलं, टीव्ही बंद.
"काय म्हणतंय कॅराबीन?"
"चुरस आहे," मी म्हणाले.
"हं."

मग उठला, फ्रीजवरच्या यादीत
अंडी लिहिली, डझन एक.
पेन्सिलीचं टोक मोडलं.
त्याने ते चाकूने तासलं, सिंकवर वाकून, बराच वेळ,
आणि मी झाकण काढून
थंड बटाटे खात राहिले.