नाक

एकतीस वर्षं मी दूध हुंगलं.
पहाटे चारला, डेअरीच्या धक्क्यावर,
उणे वीसमध्येसुद्धा मफलर खाली ओढून.
कॅनचं झाकण उघडायचं, वाकायचं, एक श्वास.
घे. घे. घे.
हा परत ने.
आत काचेच्या नळ्या होत्या, पांढऱ्या डगल्यातली मुलगी होती,
पण शेतकरी बघायचे माझ्याच तोंडाकडे.
गाय रानकांद्यात शिरली होती,
बादली क्लोरीननं धुतली आणि विसळलीच नाही,
कॅन रात्रभर गोठ्यात राहिला,
सगळं कळायचं.
लोक म्हणत, गेनोवाइते नाकानं कांदे सोलते.
सोलायचेच. पगार त्याचाच होता.

व्लादासच्या कॅनवर वाकले तेव्हा म्हटलं,
दूध चांगलंय, पण तुझ्या हाताला कापूर आहे.
घरी कोण आजारी?
त्यानं टोपी काढली. आई, म्हणाला.
पुढच्या उन्हाळ्यात आम्ही लग्न केलं.

गेलं ते एकदम नाही गेलं.
आधी शेपू गेला.
मला वाटलं, यंदाचा शेपूच मेला पाणचट.
मग चीजमधले शहाजिरे, नुसते दातात अडकायला उरले.
मग राईचा पाव. मग कॉफी:
तपकिरी, गरम, बस्स.
बीटचं गार सूप गुलाबीच दिसतं अजून,
म्हणून डोळ्यांनीच खाते.
मुलगी काउनासहून आली, एक चमचा घेतला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला
जिथे माझा हात पोचत नाही.
छतालाही काहीतरी चिकटवून गेली.
गॅस सुटला तर ते ओरडेल.
रात्री त्याचा हिरवा ठिपका दिसतो.
माझी नोकरी त्याला लागली.

डॉक्टरनं नाकाखाली पेनं धरली, एकेक.
गुलाब, लवंग, मासा की चामडं?
मासा, म्हटलं ठामपणे.
गुलाब होता.
वय झालं की व्हायचंच, म्हणाला.
वय झालं की चष्मा मिळतो, दात मिळतात,
कानात घालायला खडा मिळतो.
नाकाचं दुकान कुठे आहे ते त्यालाही माहीत नव्हतं.

गुरुवारी शेजारचा एमांतास लाकडं रचायला आला.
त्याला पेलाभर दूध दिलं.
तो बेसिनकडे धावला.
आजी, हे नासलंय!
सकाळपासून मी अर्धी बाटली प्यायले होते.

चूल पेटवली. तो काही बोलेना, मी काही बोलेना.
मग दारामागचा व्लादासचा कोट काढला,
म्हटलं, हुंग.
तो लाजला. चौदा वर्षांचा आहे.
हुंग रे, मरणार नाहीस.
धूळ, म्हणाला.
आणखी?
बराच वेळ नाक कॉलरमध्ये.
गोठा आहे थोडासा. आणि... औषधासारखं काहीतरी.
खिशात डांबरगोळ्या मीच ठेवल्यात, दोन हिवाळ्यांपूर्वी.
ते त्याला सांगितलं नाही.
मलाही त्या क्षणी आठवायचं नव्हतं.

कोट परत खुंटीला लावला.
जा, रेगिनाकडून ताजं दूध आण,
खिडकीतल्या वाटीत सुटे पैसे आहेत.
आणि हे बघ,
पैसे द्यायच्या आधी बूच काढ.
ती रागावेल. रागावू दे.
तोंड मिट, वाक,
एकच श्वास घे, पण पूर्ण.