दोन अंश

एफी लॉरिमर एकोणऐंशीची आहे
आणि तिला खोळंबा खपत नाही.
पहिल्याच दिवशी तिनं बजावलं :
हरवलेला चेंडू तीन मिनिटं शोधायचा,
चौथं मिनिट मागच्यांचं.
दुसऱ्याच्या रेषेवर पाय नको, सावलीसुद्धा नको.
वाळूतून बाहेर पडताना आपली पावलं
दाताळ्यानं पुसून यायचं,
जणू आपण तिथं फसलोच नव्हतो.

मला हे सगळं सोपं गेलं.
अ‍ॅन्स्ट्रदरच्या औषधाच्या दुकानात
काउंटरमागे सावली आवरूनच तर उभी असते मी.
गिऱ्हाइकानं दुसऱ्यांदा नाव विचारलं की
ज्ञानदा गिळून टाकते,
"नुसतं डी चालेल."

काठ्या धर्मादाय दुकानातल्या,
चाळीस पौंडांत, पिशवीसकट.
कुणा सहाफुटी माणसाच्या असाव्यात :
मुठीच्या रबरावर त्याच्या अंगठ्याचा खळगा,
माझा अंगठा त्यात पोहायचा.
चेंडू डावीकडे जायचा.
दरवेळी डावीकडे, समुद्राच्या अंगाला.
मग मी झेंडा सोडून
उजवीकडच्या कोठाराच्या लाल कौलांवर
नेम धरायला शिकले.
आणि फटक्याच्या आधीच सॉरी म्हणायला.
अकरा वर्षं.

यंदा एफीनं मला गाडीत घातलं
आणि स्ट्रूअनच्या कारखान्यात नेऊन उभं केलं.
पोरगेलासा माणूस, कानामागे पेन्सिल.
मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरली,
आकडा लिहिला, परत धरली.
काठीच्या तळाला चिकटपट्टी लावून
काळ्या फळीवरून दहा फटके मारायला लावले.
ओरखडे सगळे टाचेकडे.
"तुमच्या हाताला काही झालेलं नाही," तो म्हणाला,
"काठी वेगळ्याच कुणासाठी उभी आहे.
हे कुणी बोललं नाही तुम्हाला?"
मी एफीकडे पाहिलं.
एफी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मेंढ्या पाहत होती.

मग त्यानं एकेक लोखंड शिकंज्यात आवळलं
आणि दोन अंश वाकवलं.
आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

दादानं पेरूची फांदी तोडायच्या आधी
माझा हात ताणून धरला होता,
कोपरापासून बोटांपर्यंत,
"एवढा बास तुला."
नंतर वकट, लेंड, मुंड, नाल,
उन्हं उतरेपर्यंत.
तासगावात, सात वर्षांची असताना,
दांडू आपल्या मापाचा असतो
यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी चौथ्या होलवर
नवा, म्हणजे जुनाच, सात नंबर काढला.
फटका इतका स्वच्छ बसला की
तळहाताला कळलंच नाही.
चेंडू सरळ गेला.
सरळ, लाल कौलांच्या दिशेनं,
कारण मी उभीच तशी होते.
गॉर्सच्या काट्यांत दिसेनासा झाला.

त्या पिवळ्या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो.
मी त्या वासात हात घालून तीन मिनिटं शोधलं,
दोनदा रक्त काढून घेतलं.
एफी घड्याळ वाचत होती मोठ्यानं,
"एक... दोन... चल."

जागेवर परत आले.
मागे टी-वर दोन पोरं काठ्यांवर रेलून थांबलेली.
ओठांवर सॉरी आलं होतं.
पुढे जा म्हणून हातही अर्धा उचलला होता.
एफी म्हणाली,
"जिकडे पाठवायचाय तिकडे तोंड कर, बाई."

एवढंच.
मी पाय हलवले. डावा जरा मागे,
मग आणखी जरा मागे.
झेंडा बरोबर समोर आला,
वाऱ्यात फडफडत, वाटलं होतं त्याहून जवळ.
असं उघड उभं राहणं
फार नागडं वाटलं.
दुपारची सावली लांब झाली होती,
गवतावर पसरली होती, कुणाच्याही रेषेत नव्हती.

एफीनं मनगटाकडे पाहिलं.
मग कोटाची बाही खाली ओढून
घड्याळ झाकलं.

पोरं थांबली होती.
थांबू देत.