प्रभाग सात, पाचशे प्रती

शालन मेतर पत्रक छापायला आली
तेव्हा हाताला बांगड्याचा वास होता.
निशाणी होडी मागितली होती, मिळाली छत्री.

मी नेहमीचा मजकूर उघडला:
गुन्हेगारीला आळा, स्थानिक विकासाला चालना.
दर निवडणुकीला फक्त फोटो बदलतो.

"ह्या काढ," म्हणाली.
"लिही, बंदरावर अकरा होड्यांचा डिझेल गेला, दोन इंजिनां गेली.
लिही, त्याच्या आदल्या मे महिन्यात
बर्फाचो कारखानो बंद पडलो."
आणि मधे काय लिहू?
"मधे कायव नको. लोकांका वाचूक येता."

समोरचा तर चाळीस कॅमेरे देतोय, मी म्हटलं.
"कॅमेऱ्यात दिसतलो कोण? माझ्या भयणीचो झील.
तो माका आताच दिसता.
सकाळी माझ्याकडे चाय पिऊन जाता."

मी हसलो नाही. मशीन गरम होत होतं.

बर्फ आता कुडाळहून येतो, वाटेत निम्मा गळतो.
तिन्हीसांजेला मासळी पडेल भावात
गोव्याच्या गाडीत चढते.
हे सगळं तिच्या वहीत होतं, तारखांसकट.
बेरीज माझ्या कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिली.

"भाच्याचा नाव घाल."
मग, "थांब."
पेपरवेट या हातातून त्या हातात.
"नाव नको. माझ्या घरातलो एक, इतक्याच घाल."

पैसे रोख दिले. नोटा ओल्या होत्या,
पंख्याखाली वाळत घातल्या.

सकाळी गठ्ठा न्यायला एक पोरगा आला.
मोजून घे, म्हटलं.
त्याने वरचं पत्रक वाचलं,
पुन्हा वाचलं,
मग बोटाला थुंकी लावून
एकपासून मोजायला लागला.