अर्थिंगला एक बादली

बेंजोला हात लावायच्या आधीच तो असायचा.
लॅपटॉप सुरू केला की स्पीकरमधून यायचा,
जाड, एकसुरी,
डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा.

इरण्णा म्हणाला, वायर बदल.
नवी पेठेतून साडेतीनशेची आणली, सोनेरी टोकांची.
आवाज तोच. टोकं सोनेरी.
इरण्णा म्हणाला, फ्रिजचा आहे.
फ्रिज बंद केला,
नासलेल्या दह्याचं बिल अम्मानं माझ्या नावावर फाडलं.
मग ट्यूबलाइट, मग पंखा,
मे महिन्यात, विडी घरकुलात, पत्र्याखाली.
अंधारात घाम गाळत बसलो दोघं
आणि तो मजेत गात होता.

शेवटी चार्जर उपसला.

काहीच नाही.
इतकं काहीच नाही
की भिंतीपलीकडं पद्माक्काच्या कात्रीखाली
तेंदूपान कापलं जातंय, ते ऐकू आलं.

पण माझी बॅटरी म्हातारी. अकरा मिनिटं टिकते.
अकरा मिनिटांत वरातीची चाल बसवायची,
एक बोट चुकलं की पुन्हा चार्जर, पुन्हा भुंगा.
महिनाभर असाच वाजवत राहिलो,
बुडी मारून विहिरीचा तळ शोधणाऱ्यासारखा.

नायनांना विचारायचं सुचलंच नाही.
सत्तावीस वर्षं मागावर,
दोन्ही कान मागानं खाल्लेले.
त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ मोठे करून.
त्यांना काय सांगणार,
शांततेत एक बारीक खोट आहे म्हणून?

एका रात्री पाळीला निघायच्या आधी
चहाचा कप ठेवायला त्यांनी लॅपटॉप सरकवला
आणि थांबले.
बोटांची मागची बाजू झाकणाच्या पत्र्यावर ठेवली,
अलगद, ताप बघतात तशी.
चप्पल काढून फरशीवर उभे राहिले,
पुन्हा ठेवली.

"मुंग्या येतायत बघ,"
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले.
"करंट आहे हितं. अर्थिंग मेलंय तुझं."

मी हात लावला. खरंच.
कातडीखाली कुणीतरी बारीक टाके घालत होतं,
त्याच पट्टीत.
महिनाभर मी कानानं ज्याच्या मागं होतो
ते त्यांनी चहा गार व्हायच्या आत बोटांनी धरलं.

मोरीपलीकडं एक लोखंडी पाइप जमिनीत जातो,
घर मिळालं तेव्हापासून.
मी त्याला सायकल बांधायचो.
नायनांनी भोवतीची माती उकरली,
शेंगांच्या फोलासारखी, कोरडी, हलकी.
मीठ मागितलं. इस्त्रीवाल्याला उठवून कोळसे आणले.
मग म्हणाले, बादली.

अम्मा दारात आडवी.
नळ पाचव्या दिवशी येतो. आज चौथा.
"जमिनीला पाजायला पाणी न्हाई माझ्याकडं."
नायनांना ऐकू आलं नाही,
किंवा आलं.
स्वतःच्या आंघोळीची बादली त्यांनी उचलली.

माती एकदा चुरचुरली,
मग गुपचूप पीत राहिली.

आत येऊन चार्जर लावला, आवाज पूर्ण वाढवला.
नायना स्पीकरसमोर उकिडवे बसले,
दोन्ही तळवे पेटीच्या अंगाला लावून.
मी चाल वाजवली. मधेच थांबलो.
त्यांचे हात तसेच.
बराच वेळ तसेच.

"गेलं," म्हणाले,
आणि बिनआंघोळीचे, मीठ लागल्या हातांनी
डबा घेऊन पाळीला गेले.

आता नळ आला की पहिला तांब्या पाइपाला.
अम्माच ओतते.
शिव्या देत, तेलुगूत.