झुंधळ

कॉइलला वेढे लागायचे दोनशे बारा.
एक कमी पडला तरी दिसायला तशीच,
तेवढीच गोल, तेवढीच तांबूस,
टेस्टिंगच्या टेबलावर मात्र काटा हलायचा नाही.
म्हणून रूथचं ठरता ठरता राहिलेलं लग्न दोनशे अकरा,
कँटीनचा चहा रोजच दोनशे अकरा,
आणि कुमुद खैरनारचा नवरा, तिच्याच शब्दांत,
"दोनशे अकरा, तोही ढिला गुंडाळलेला."

सातपूर, लाइन नंबर तीन, आम्ही चौघी.
बोलायला बंदी होती असं नाही,
पण बोललं की फोरमन मिनिटं मोजायचा.
मग आम्ही असं बोलायला लागलो
की ते बोलणं वाटायचंच नाही.

थंडीत तो कॉम्प्रेसरच्या मागे उभा राहून
तिखटमीठ लावून पेरू खायचा.
म्हणून तो येताना दिसला की "पेरू पिकला".
खुशीत असला तर "पेरू गुलाबी".
त्याची अंबडला बदली झाली त्या दिवशी
शकिला म्हणाली, "बी अडकली दातात."
म्हणजे काय, ते तेव्हाही कुणाला कळलं नाही.
हसलो मात्र सगळ्या.

झुंधळ हा शब्द रूथचा.
दाढ सुजलेली, तोंडात लवंग,
सुट्टीच्या भोंग्याला कार्ड पंच करायला लोटलेली गर्दी बघून
तिला झुंबड म्हणायचं होतं का गोंधळ,
ते दाढेलाच माहीत.
बाहेर पडलं ते झुंधळ.

पहिले दोन महिने तो फक्त भोंग्याचा शब्द होता.
मग आईला शरणपूरच्या दफनभूमीत ठेवून
ती आठव्या दिवशी कामावर आली.
आम्ही विचारलं, कसं आहे?
म्हणाली, झुंधळ आहे गं.
तेव्हापासून त्याचा अर्थ:
गर्दीत रडू येणं
आणि दोन्ही हातांत पिशव्या असणं.

कंपनी गेली. शेडमध्ये आता टाइल्सचं गोडाऊन आहे.
कुमुद सिन्नरला, शकिला मालेगावला लेकाकडे,
रूथ तिच्या आईशेजारी.
घरात एकदा म्हणून बघितलं, झुंधळ.
मुलगा म्हणाला, काय धुंदळ?
ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला,
आणि परत वाढवला.

परवा सीबीएसवरून बसले.
पुढच्या सीटवर एक पोरगी, कानात वायर,
"अगं द्वारकाला नुसती झुंधळ झालीये,
पोचते वीस मिनिटांत."

मला शालिमारला उतरायचं होतं.
उतरले नाही.

कुठून आला हा तिच्याकडे?
लाइन नंबर तीनमधल्या कुणाची नात?
का हिचीही दाढ दुखली होती कधी?
ती म्हणत होती ट्रॅफिकला. साध्या ट्रॅफिकला.
रिक्षा, ट्रक, पुलाखालची नेहमीची वळवळ.
शिवाय तो का ती, हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं.
तिने ठरवून टाकलं होतं.
वाटलं, खांद्याला हात लावून सांगावं,
बाई, एक वेढा कमी पडतोय तुझा,
ह्याच्या आत लवंग आहे.
पण माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

नाशिकरोडला उतरून शकिलाला फोन लावला.
सात-आठ वर्षांनी. नंबर तोच.
"हॅलो, कोण?" आवाज जाड झालेला,
तोंडात काहीतरी होतं.
मी नाव सांगितलं नाही.
म्हटलं, "पेरू पिकला."

तिकडे चावणं थांबलं.
एक वाटी कशाखाली तरी घाईने सरकली,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग अगदी हळू,
"गेला का?"