शेवगो

आतोबांना अर्धीच कृती येत होती.
एकतीस वर्षं त्यांनी नुसतं दाबलं.
पीठ आत्येचं, मिठाचा अंदाज आत्येचा,
गोळा आधणातून कधी काढायचा तेही तीच सांगायची.
फेरीबोटीची पाळी संपवून ते घरी यायचे,
साबणाने दोनदा हात धुवायचे,
तरी डिझेलचा वास राहायचाच,
आणि दांडा धरायचे.

मला शिकवा म्हटलं, तर म्हणाले,
"हांव कितें शिकयतलों? हांव फकत इंजीन."

तरी रविवारी रायबंदरहून पलीकडे गेले, चोडणला.
पिशवीत सुरय तांदळाचं पीठ.
शेवगो माळ्यावर होता, फणसाच्या लाकडाचा,
पितळी चाळणीच्या एका भोकात
जुनी शिरवळी काडीसारखी वाळलेली.
ती त्यांनी माडाच्या हिराने टोचून काढली.
टाकली नाही. खिडकीत ठेवली.

पहिला घाणा मी मोबाइलवर पाहिल्याप्रमाणे केला:
वाटीला वाटी पाणी, चमचाभर तेल,
उकड मळून मुठीएवढे गोळे आधणात,
तरंगले की वर.
आतोबा दांड्यावर झुकले, आणि मध्येच थांबले.
"ही तिची न्हय."
म्हणजे?
"तिची पयलीं आडयताली. मागीर सुटताली."

मी वहीत लिहिलं: आधी अडवायला हवं.
आता हे कुठल्या वाटीने मोजायचं?

दुसऱ्याला पाणी कमी केलं.
शेवगो करकरला, आतोबा बनियनवर आले,
मानेची शीर सुतळीएवढी झाली,
चाळणीतून डोकावलं जेमतेम बोटाच्या पेराएवढं.
"ओहोटीक बोट चिखलांत बसली," ते म्हणाले,
आणि हसले.
चौदा महिन्यांत मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मला म्हणाले, तू दाब, मी मळतो.
पण मी दाबून काय सांगणार?
माझ्या हातांना तिची काहीच ओळख नव्हती.
सणाला यायचे, पाटावर बसायचे,
वाटी पुढे करायचे.

दुपार झाली. शेजारच्या सिंतियाने
कुंपणावरून दोन नारळ दिले आणि विचारलं,
आज कोणता सण?

तिसऱ्या वेळी आतोबांनी बाही वर केली
आणि माझ्या उकडीवर कोपर ठेवलं.
अख्खा भार. मग थोडा कमी.
कोपर तसंच ठेवून जरा वेळ गप्प बसले,
पहाटेच्या धुक्यात
पलीकडचा दिवा दिसायची वाट पाहावी तसे.
"भर उदक. थेंबो. आनीक एक. राव."

दांडा अडला.
मग सुटला.

खाली पांढरे धागे उतरायला लागले, गरम, न तुटता,
आणि केळीच्या पानावर एकाच जागी ढीग व्हायला लागला.
पान कोण फिरवायचं, मी विचारलं.
"तीच."
मी पान फिरवलं.

रसाचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.
तो तयारच असायचा म्हणे.
मग आईच्या पद्धतीने केला, माडाचा गूळ, वेलची,
नारळाचं पहिलं दूध अगदी शेवटी.

त्यांनी पहिल्या चार शिरवळ्या कोरड्याच खाल्ल्या.
मग म्हणाले, "मीठ."
कमी की जास्त?
त्यांनी वाटी पुढे केली. रस वाढला.
पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी धक्क्यापर्यंत सोडायला आले.
नव्या पोराने बोट जरा जोरात लावली, तशी
ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलले.
माझे दंड भरून आले होते.
कठड्याला टेकून वही उघडली:
पीठ दोन वाट्या.
पाणी, कोपराला विचारून.
मीठ
आणि पुढे जागा तशीच ठेवली.