उघाडी

पहाटे साडेपाच. गोठिवलीत कुणाचा तरी पंप सुरू होतो.
उपाशी पोटी गोळी,
पंचाहत्तर मायक्रोग्रॅम, जिभेला लागतही नाही.
मग अर्धा तास चहा नाही.
हे त्या अर्ध्या तासातलं.

ऐरोलीच्या लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा
टीएसएच एक्केचाळीस.
म्हटलं, एवढं भरपूर आहे, तर मी का विझत चाललेय?
मे महिन्यात स्वेटर. भुवया कडेला विरळ.
लेकीच्या हाकेला माझं उत्तर
कुठून तरी जिने चढून यावं तसं उशिरा.

फणसेबाईंनी चष्मा कपाळावर सारला:
"हा आकडा तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीचा नाही हो.
मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पियुषिका असते,
ती ओरडतेय. खालून ओ येत नाही,
म्हणून आवाज चढवतेय."

आणि मला काथोडआबा दिसले,
मिठागराच्या वाफ्यात अनवाणी.
लांब बांधावर, उघाडीपाशी, धाकटा भाऊ.
पाणी कमी वाटलं की आबांची हाक:
"दुंदाऽ, फली काढ रंऽ!"
फळी निघायची, खाडी आत यायची,
घोट्याला पाणी लागलं की आबा गप्प.
मोजपट्टी नव्हती. घोटा होता.

पुढे दुंदाकाकाला ऐकू येईना.
आबा शिरा ताणून ओरडत राहिले,
गावाला वाटलं, म्हातारा भांडकुदळ झाला.

"आमच्या मिठामुळे का हो? त्यात आयोडीन नव्हतं..."
"नाही. तुमच्याच पांढऱ्या पेशींनी
घरच्या माणसाला चोर समजून मारलं."
एवढंच म्हणाल्या. पुढचा पेशंट आत आला.

मिठागर केव्हाच गेलं. साडेबारा टक्क्यांतल्या प्लॉटवर
चार मजले उभे राहिले, तळाला मोबाइलचं दुकान.
उघाडीची फळी कुणी नेली, आठवत नाही.
पण गळ्यावर बोट ठेवलं की कळतं:
दुंदाकाका अजून तिथेच बसलाय,
खाडीकडे तोंड करून, ठार बहिरा.
त्याचा राग नाही येत.

फळी आता निघणार नाही.
मीच रोज पहाटे एक घागर भरून आणते,
वाफ्यात ओतते.
घोट्याला पाणी लागतं.
आबा ओरडायचे थांबतात.

सहा वाजले. दूध उतू जातंय.